गळ मंद का पडतो?

पौष-माघाच्या दिवसांत गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर किंवा खाली चांदोरी-सायखेड्याच्या बाजूला गळ टाकून बसलेल्या कोणाही गृहस्थाला विचारून पाहावे. उत्तर बहुधा एकच मिळते : "मासा लागत नाही हो. आणि माणसे तर बघा किती झाली!" ही दोन्ही वाक्ये तो एका दमात बोलतो, आणि त्यामुळे ऐकणाराची अशी समजूत होते की, माणसे वाढली म्हणून मासे संपले. समजूत अगदीच खोटी नाही. पण तीत निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. थंडीने मासा मंदावतो ती एक गोष्ट. गर्दीने तो बुजतो ती दुसरी. आणि खरोखरच तो नदीतून नाहीसा होतो ती तिसरी. पहिली होळीनंतर आपोआप बरी होते. दुसरी थोड्याशा शिस्तीने बरी होते. तिसरीला मात्र औषध सापडणे कठीण. तिन्हींना एकच नाव देऊन काठावर उसासे टाकीत बसलो, तर जे हातचे जात आहे त्याकडे आपले लक्षच जात नाही. आणि ते जाते हिवाळ्यात नव्हे, गळानेही नव्हे. आमचे आजचे सांगणे मुख्यतः एवढेच आहे.

प्रथम थंडीचे पाहू. नाशिककरांना थंडी म्हणजे काय हे सांगावयास नको. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, ही दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतली बातमी असते. तो पाच अंशांच्या जवळ आला की द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटू लागतात. आपण अशा वेळी घोंगडी पांघरतो आणि दोन घास जास्त खातो, कारण आपल्या शरीराला आपली ऊब कशीही करून टिकवावयाची असते. माशाची तऱ्हा उलट. त्याच्या अंगाचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर चढते आणि पाण्याबरोबरच उतरते. पाणी दहा अंशांनी थंड झाले की त्याच्या शरीरातील घडामोडी ढोबळमानाने निम्म्यावर येतात. पोटातले अन्न पचावयास दुप्पट वेळ लागतो, मग भूक लागावयासही तितकाच उशीर. ज्याने काल थोडेसे खाल्ले आहे तो आज तुमच्या कणकेच्या गोळीकडे पाहणारही नाही, आणि उद्याही पाहील असा भरवसा नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. हवा पाच अंशांवर आली म्हणजे धरणाचे पाणीही पाच अंशांवर आले असे नव्हे. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते; पहाटे नदीवर वाफा उठताना दिसतात त्या याचमुळे. म्हणून आपल्याकडचा मासा कधीच पुरता गारठत नाही. तो सुस्तावतो, एवढेच. दुपारी उथळ बाजूला ऊन लागून पाणी थोडे कोमट झाले की तो हिंडावयास निघतो. जाणते भोई हिवाळ्यात भल्या पहाटे गळ घेऊन जात नाहीत, ऊन वर आल्यावर जातात. हौशी माणूस मात्र पहाटे पाचला कानटोपी घालून जातो, नऊ वाजेपर्यंत कुडकुडतो, आणि मासे संपले अशी बातमी घेऊन घरी परततो.

ज्या देशांत नद्याच गोठतात तेथे हे सारे अधिक ठळकपणे दिसते. कॅनडा, रशिया, फिनलंड अशा देशांत लोक गोठलेल्या नदीवर चालत जातात, गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडतात, आणि लहानशा तिवईवर बसून त्या भोकातून गळ सोडतात. वर बर्फ असताना खाली मासा जगतो कसा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. बहुतेक पदार्थ थंड होत जातात तसे जड होत जातात. पाणी मात्र चार अंशांपर्यंतच जड होते आणि त्याखाली गेले की पुन्हा हलके होऊ लागते. त्यामुळे गोठणारे पाणी वर तरंगते, आणि डोहाच्या तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी शिल्लक राहते. पाण्याचा हा स्वभाव नसता तर तळ्यांतून बर्फ तळापासून धरला असता आणि थंड देशांत गोड्या पाण्यातला मासा औषधालाही उरला नसता.

तर त्या तळाच्या पाण्यात मासे शक्यतो न हलता पडून असतात. वाहत्या धारेत उभे राहावयाचे म्हणजे सतत पोहत राहणे आले, आणि एवढी शक्ती खर्चणे हिवाळ्यात परवडत नाही. म्हणून साऱ्या नदीभर पसरलेले मासे थोड्याशा खोल, संथ डोहांत गोळा होतात. हे डोह लोकांना ठाऊक असतात, आणि मासे जेथे गोळा होतात तेथेच माणसेही गोळा होतात. कोठे कोठे तर बर्फावर लहान लहान खोपटांच्या आळीच उभ्या राहतात. मग दिवसभर शेजारी शेजारी भोके पाडणे चालते. हवेपेक्षा पाण्यात आवाज चौपटीहून अधिक वेगाने जातो, हे बर्फावर पाय आपटणाराच्या ध्यानी नसते. भूक नसलेला मासा, डोक्यावर चाललेला खडखडाट, आणि पावलापावलावर लोंबणारे गळ! तेथील माणसेही घरी जाऊन तेच सांगतात जे आपला कानटोपीवाला सांगतो.

नाशिकला बर्फ नाही, पण घडते तेच. पाऊस सरला की गोदावरी आटत जाते. गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले. तेव्हापासून शहरातल्या पात्रातले पाणी पावसाळा सोडला तर वरून किती सोडले जाते यावर अवलंबून आहे. सोडले की वाहते, बंद केले की डबकी उरतात. मासे या उरलेल्या डोहांत आणि बंधाऱ्यांमागच्या पाण्यात येऊन दाटतात. माणसेही तेथेच येतात, कारण रस्ता तेथपर्यंत गेलेला असतो, बसावयास खडक असतो, आणि मागच्या रविवारी तेथे कोणाला तरी मोठा मासा लागल्याची वदंता असते.

गर्दीने नेमके काय बिघडते याचा थोडा हिशेब मांडून पाहू. आकडे आम्ही समजण्यापुरते धरले आहेत. समजा, एका डोहात आमिष घेतील असे शंभर मासे आहेत. चार माणसे गळ टाकून बसली आणि प्रत्येकाला तीन मासे मिळाले, तर बारा मासे गेले आणि चौघेही समाधानाने घरी गेले. त्याच डोहावर चाळीस माणसे बसली तर एकशेवीस मासे मिळतील काय? शंभरच होते, तेव्हा तेवढे तर शक्यच नाही. पण पन्नासही मिळत नाहीत. फार तर पंचवीस-तीस मिळतात आणि बहुतेक लोक रिकाम्या हाताने उठतात. म्हणजे सत्तर मासे पाण्यात असूनसुद्धा 'मासा नाही' हे चाळिसांपैकी निम्म्याहून अधिकांचे खरेखुरे मत होते.

राहिलेले सत्तर का लागत नाहीत? कारण मासा शिकतो. हॉलंडमधील बेउकेमा नावाच्या संशोधकाने कार्प माशांवर गळाचे प्रयोग केले आणि १९७० साली ते प्रसिद्ध केले. एकदा गळाला लागून सुटलेला मासा पुन्हा गळाला लागणे फार कठीण होते, आणि एका वेळेचा धडा त्याला दीर्घकाळ पुरतो, असे त्याला आढळले. आपल्याकडे 'माशाची स्मरणशक्ती ती काय' म्हणून हसण्याची रीत आहे. हसणाऱ्यांनी गर्दीच्या डोहावर एक रविवार काढावा. तेथे उरलेले मासे म्हणजे परीक्षा पास झालेले मासे असतात. तेव्हा गर्दीच्या जागी गळ मंद पडणे हे मासे कमी झाल्याचे लक्षण असेल, नसेलही. ते सावध झाल्याचे लक्षण मात्र खासच असते.

येथवर आम्ही निराश गळवाल्याची समजूत घातली. आता उलट बाजू सांगितली पाहिजे, आणि ती अधिक गंभीर आहे. गळ मंद पडला म्हणजे मासे संपले असे जसे नव्हे, तसेच जाळे भरून आले म्हणजे मासे भरपूर आहेत असेही नव्हे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड नावाच्या माशाची शेकडो वर्षे मासेमारी चालत आली. तो मासा कमी होऊ लागला तसा उरलेला थोड्या जागेत दाटीने गोळा होऊ लागला, आणि मोठमोठी जहाजे नेमकी तेथेच जात राहिली. त्यामुळे जाळी शेवटपर्यंत बऱ्यापैकी भरत होती. हिशेब ठेवणारेही त्यावर विसंबले. मग १९९२ च्या जुलैत सरकारला सारी मासेमारी एकदम बंद करावी लागली आणि तीस हजारांवर माणसांचा रोजगार गेला. ती बंदी उठली २०२४ साली, आणि तीही अगदी थोड्या पकडीपुरती. बत्तीस वर्षे वाट पाहूनही पूर्वीचा मासा परत आला नाही.

मग नदीची तब्येत ओळखावी कशी? गळावरून नव्हे, टोपलीवरून. टोपलीत किती वजन आले याला फारसा अर्थ नाही. कोणते मासे आले आणि केवढे आले हे पाहावे. गाबोळी धरण्याइतके मोठे झालेले मासे टोपलीत आहेत की सारी बोटभर पोरे आहेत? मरळ, वाम, शिंगाडा हे जुने रहिवासी दिसतात की एकटा तिलापियाच भरला आहे? हा तिलापिया मूळचा आफ्रिकेचा; आपल्या देशात तो १९५२ साली आणला गेला. तो आपली अंडी तोंडात सांभाळतो, वर्षातून अनेकदा वितो, आणि काही महिन्यांचा होतो न होतो तोच संसाराला लागतो. घाण पाणी त्याला चालते, पुराची वाट पाहावी लागत नाही. ज्या डोहात तो माजतो तेथे टोपलीचे वजन भरत राहते आणि जात मात्र बदलून गेलेली असते. बाजारात 'मासा आहे की!' असे म्हणणारे आणि काठावर 'मासा राहिला नाही' असे म्हणणारे, दोघेही खरे बोलतात, ते यामुळे.

आता ज्या गर्दीने खरे नुकसान होते तिच्याकडे वळू. ती हिवाळ्यातली नव्हे. ती मृगाच्या पहिल्या सरींबरोबर येते. नदीला तांबडे पाणी आले, ओढेनाले धावू लागले की पोटात अंडी भरलेले मासे धारेच्या उलट दिशेने वर चढू लागतात. घाटावर आणि कोकणात याला वलगण म्हणतात. साध्या भाषेत चढणीचे मासे. आपल्याकडील पुष्कळ जातींना साचलेल्या पाण्यात वीण करता येत नाही. नवे वाहते पाणी, बुडालेले गवताळ काठ, थोडा गढूळपणा हे सारे जुळून आले तरच त्या अंडी सोडतात. रोहूसारख्या माशाची मादी दर किलो वजनामागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते, आणि पाणी उबदार असेल तर एका दिवसाच्या आत ती फुटतात. म्हणजे वर्षभराची सारी पेरणी चार-दोन पुरांत उरकते. नेमक्या त्याच दिवसांत बंधाऱ्याच्या पायथ्याशी, मोरीच्या तोंडाशी, ओढ्याच्या अरुंद जागी आपण जाळी लावून उभे असतो. मासा अशा वेळी सावधही नसतो आणि मंदही नसतो. तो अंध असल्यासारखा वर चढत असतो. बंधाऱ्याशी येऊन आदळतो, उडी मारतो, पडतो, पुन्हा उडी मारतो. पोरेटोरे काठ्यांनी झोडपून त्याला पकडतात.

हिवाळ्यात गळाने एक मासा नेला तर नदीतून एक मासा गेला. ज्येष्ठ-आषाढात गाबोळीने भरलेली एक मादी नेली तर काय गेले याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. सारी अंडी जगत नाहीत, शेकड्यात एखादे टिकले तरी पुष्कळ, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ज्यांना एवढे मरण गृहीत धरूनच निसर्गाने लाखांनी अंडी दिली, त्यांच्या आईलाच आपण वाटेत गाठले तर हिशेब कोठून जुळावा?

मरळीची गोष्ट तर याहून वाईट. मरळ अंडी घालून निघून जात नाही. नर-मादी पिलांच्या थव्याखाली राहून त्यांची राखण करतात. तांबूस पिलांचा थवा पाण्यावर बुडबुडल्यासारखा हलताना दिसला की त्याच्या खाली मोठी मरळ आहे, हे खेड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या थव्यातून आमिष फिरवले की ती भुकेने नव्हे, रागाने त्यावर तुटून पडते. एका मरळीचे कालवण होते, आणि मागे उरलेली शे-दोनशे पोरकी पिले संध्याकाळपर्यंत इतर माशांच्या पोटात जातात.

बंधाऱ्यांनी या चढणीला पहिला अडसर घातला हे नाकारता येणार नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. त्यामागे गाळ साचून जे उथळ पाणथळ तयार झाले त्यावर देशोदेशीचे पक्षी येऊ लागले. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातील असे ते पहिलेच स्थळ. पक्ष्यांचा फायदा झाला, शेतीचा झाला. वर चढणाऱ्या माशाला मात्र भिंत आडवी आली. काही देशांत धरणाला लागून माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधतात. आपल्याकडे ही रीत रुजली नाही. त्यामुळे वरच्या पाण्यात मासे हवे असतील तर ते माणसाने नेऊन सोडावे लागतात.

हे सोडणे शक्य झाले त्याचे श्रेय डॉ. हिरालाल चौधुरी यांना आहे. पूर्वी कटला, रोहू, मृगळ यांचे बीज पुराच्या पाण्यातून गाळून आणावे लागे. चौधुरींनी १९५७ च्या जुलैत ओडिशातील अंगुल येथे माशांना मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून हौदासारख्या बंद पाण्यात वीण घडवून आणली. आज महाराष्ट्रातल्या धरणांत मच्छीमार सहकारी संस्था ठेका घेऊन जी बोटुकली सोडतात, ती या शोधाची फळे होत. हजारो भोई आणि आदिवासी कुटुंबांच्या चुली त्यावर पेटतात, तेव्हा या मार्गाची हेटाळणी आम्ही करणार नाही. पण सोडलेला मासा हा पेरलेल्या पिकासारखा असतो. दरसाल पेरावा आणि दरसाल कापावा. नदीचा स्वतःचा मासा हे रान आहे, आणि शेत वाढले म्हणून रान वाढत नाही.

सोडण्यातही विवेक लागतो, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या खडस माशाचे आहे. हा दख्खनचा महसीर. कर्नल साईक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतला हा मासा शास्त्रीय जगाला सांगितला तेव्हा मराठी लोकांच्या तोंडचे नावच त्याने लॅटिन पोशाखात बसवले, आणि म्हणून तो आजही 'खुद्री' म्हणून ओळखला जातो. तो दुर्मीळ होत चालला तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कृत्रिम वीण साधली. मोठेच काम झाले. पुढे हीच पिले उत्साहाने दूर कावेरीतही सोडली गेली, आणि तेथे त्यांनी कावेरीचा स्वतःचा मदार पाठीचा महसीर मागे हटविला. त्या बिचाऱ्याला २०१८ साली धड शास्त्रीय नाव मिळाले आणि त्याच सुमारास अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जागाही मिळाली. एका नदीचे रत्न दुसऱ्या नदीत नेऊन टाकले की तो दरोडेखोर होऊ शकतो.

आपल्या शहरातल्या पात्राबद्दल थोडे बोललेच पाहिजे, कारण आपली व्याख्याने ज्या गोदाघाटावर होतात त्याच्या पायाशीच ते आहे. येथली गर्दी गळवाल्यांची नाही. ती स्नानाची, अस्थिविसर्जनाची, भाजीबाजाराची आणि सांडपाण्याची आहे. २००३ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने काही कुंडांच्या तळाला काँक्रीट घातले गेले आणि ते राहावे की जावे हा वाद पुढे न्यायालयात गेला. धर्माचा आणि सोयीचा भाग आम्ही बाजूस ठेवतो. माशाच्या दृष्टीने पाहिले तर वाळू, गोटे आणि झऱ्यांची तोंडे असलेला तळ म्हणजे घर आणि स्वयंपाकघर. काँक्रीटचा तळ म्हणजे फरशी.

आणि मग चैत्र-वैशाख येतो. पाण्यात विरघळणारा प्राणवायू थंडीत जास्त मावतो, उन्हाळ्यात कमी. शून्य अंशाला एका लिटरमध्ये साधारण साडेचौदा मिलिग्रॅम, वीस अंशांना नऊ, तीस अंशांना साडेसात. हिवाळ्यात मासा सुस्त असतो तेव्हा त्याची गरज थोडी आणि पुरवठा मोठा. उन्हाळ्यात त्याची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्यात सांडपाणी मिसळले की ते कुजविणारे जंतू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. वरून पाणवेलींनी छप्पर घातले की उजेडही बंद. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथे मलशुद्धीकरणाची केंद्रे आहेत, पण जे पाणी केंद्रापर्यंत न पोचता नाल्यांतून थेट नदीत येते त्याला ती काय करणार? पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले की लोक म्हणतात, मासे वर आले, खावयास घाला. ते भुकेने वर आलेले नसतात, गुदमरून आलेले असतात. आणि आपण टाकलेल्या कणकेच्या गोळ्या कुजून त्यांचा श्वास आणखी कोंडतात. हिवाळ्यातला न लागणारा मासा निरोगी असतो. वैशाखातला हाताने धरता येणारा मासा मरणपंथाला लागलेला असतो. आपण पहिल्याबद्दल हळहळतो आणि दुसऱ्याला पाहून खूष होतो.

उपाय काय, असे कोणी विचारील. कायदा पूर्वीपासून आहे. १८९७ च्या मत्स्य अधिनियमानेच पाण्यात सुरुंग उडवणे आणि विष कालवणे हे गुन्हे ठरविले. आमच्या मते कायद्याइतकाच उपयोग काठावरच्या माणसांच्या आपसांतल्या ठरावाचा होतो. तुर्कस्तानात अलान्या नावाचे बंदर आहे. तेथील शंभरएक मच्छीमारांत चांगल्या जागांवरून १९७० च्या सुमारास हातघाईवर गोष्टी आल्या होत्या. तेव्हा त्यांनी स्वतःच एक तोड काढली आणि दहाएक वर्षे चुका सुधारीत ती बसविली. समुद्रातल्या सर्व जागांना नावे देऊन यादी केली. दोन जागांत अंतर इतके की एकाच्या जाळ्याने दुसऱ्याचा मासा अडू नये. दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून ज्याची त्याची जागा ठरते. मग जानेवारीपर्यंत प्रत्येकाने रोज पूर्वेकडच्या पुढल्या जागी सरकावयाचे, आणि त्यानंतर मेपर्यंत रोज पश्चिमेकडे. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि कोणी दुसऱ्याच्या पाळीत घुसला तर तिचा हक्कदारच त्याला हुसकतो. पोलिसाची गरज पडत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत मांडली. सार्वजनिक मालमत्ता लोक आपापसांत कशी सांभाळतात, याच अभ्यासासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडच्या पाळीपाळीने पाणी घेणाऱ्या फडपद्धतीच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. नवल इतकेच की, पाण्याची पाळी ठरवणाऱ्या आपल्या गावांनी पाण्यातल्या माशाची पाळी ठरविण्याचे मनावर घेतले नाही. एखादा डोह पुरता राखून ठेवण्याची रीत मात्र आपल्याकडे जुनी आहे. महाड तालुक्यात वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या डोहात कोणी मासा धरीत नाही, आणि तेथे महसीर निर्धास्त फिरताना दिसतात. राखलेल्या डोहातले मासे पुरात बाहेर पडून खालीवर पसरतात. म्हणजे एका डोहावर गळ न टाकण्याने शेजारच्या चार डोहांचे गळ हलतात. गंगापूरपासून सायखेड्यापर्यंत असे दोन-तीन डोह संस्थांनी आणि गावांनी मिळून राखले, आणि मृगापासून श्रावण संपेतो बंधाऱ्यांच्या पायथ्याशी जाळे लावावयाचे नाही एवढे ठरविले, तर त्याला पैसा लागणार नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत ज्यांची चूल मासळीवरच चालते त्यांच्या पोटाची सोय आधी करावी लागेल, हे विसरून चालणार नाही. समुद्रावर पावसाळी बंदी आहे आणि कोळीवाडे ती वर्षानुवर्षे पाळत आले आहेत. तेव्हा ही गोष्ट अशक्य कोटीतली नव्हे. २०२७ च्या सिंहस्थात श्रावण-भाद्रपदात लाखो माणसे या पाण्यात उतरतील, आणि माशाच्या विणीचा हंगाम तेव्हा उरकत आलेला असेल. त्या वर्षी तरी वरच्या बाजूचा एखादा ओढा मोकळा ठेवता येईल काय, हे नियोजन करणाऱ्यांना विचारण्यासारखे आहे.

एका माशाबद्दल तर गळवाल्यांची तक्रार कधी ऐकूच येणार नाही. देवळालीजवळ दारणेच्या पाण्यात सापडलेला एक बोटभर मासा सुंदरलाल होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी १९३८ साली नोंदविला. त्याचा खालचा ओठ असा घडलेला आहे की धारेत तो दगडाला चिकटून राहू शकतो. जगात तो आपल्याच भागातला, आणि आज अतिसंकटग्रस्त गणला गेलेला. नांदूरमध्यमेश्वरच्या रामसर नोंदीतही त्याचे नाव आहे. त्याला आमिष दाखवून उपयोग नाही, बाजारात त्याला भाव नाही, त्याच्यासाठी कोणी डोहावर गर्दी करीत नाही. त्याला लागतात फक्त गोटे आणि त्यांवरून वाहणारे स्वच्छ पाणी, आणि दारणेच्या काठाने वाळू-गोटे भरून चाललेल्या गाड्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत.